घरच्या मत्स्यालयासाठी यूव्ही स्टरिलायझर: कोणता घ्यावा, केवढा घ्यावा (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

यूव्हीबद्दल मला येणारे निम्मेअधिक प्रश्न एकाच साच्यातले असतात: "माझी टाकी अमुक लिटरची आहे, किती वॅटचा घेऊ?" याला एका आकड्यात उत्तर देता येत नाही, कारण त्यात एक गोष्ट सुटलेली असते: दिव्यासमोरून तासाला किती पाणी जाणार आहे? लिटर आणि वॅट यांना जोडणारा दुवा तोच. घाईत असाल तर प्रश्न ६, ७ आणि ८ एवढे तरी वाचाच.

१. यूव्ही स्टरिलायझर नक्की करतो काय?

बंद नळकांड्यात एक दिवा असतो, दिव्यावर क्वार्ट्झची नळी असते आणि ती नळी व नळकांडं यांच्यामधल्या अरुंद जागेतून पाणी वाहतं. दिवा साधारण २५४ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश देतो. यालाच यूव्ही-सी म्हणतात. साधी काच हा प्रकाश अडवते, म्हणून नळी क्वार्ट्झचीच लागते. जिवाणू, एकपेशीय शेवाळ किंवा पोहणारे परजीवी समोरून गेले की हा प्रकाश त्यांच्या डीएनएमधले शेजारशेजारचे थायमिनचे घटक एकमेकांना चिकटवतो. मग त्या पेशीला स्वतःची प्रत काढता येत नाही. ती त्याच क्षणी मरतेच असं नाही, पण तिची वाढ तिथेच खुंटते.

तत्त्व जुनं आहे. सूर्यप्रकाशाने जिवाणू मरतात हे डाउन्स आणि ब्लंट यांनी १८७७ मध्येच दाखवलं होतं. आपल्यासाठी त्यातला कळीचा भाग एवढाच की जे पाणी दिव्यासमोरून गेलं नाही, त्याला काहीही होत नाही. माशाच्या अंगावर, वाळूत, काचेवर, फिल्टरच्या स्पंजात जे बसलंय ते यूव्हीच्या कक्षेबाहेरच राहतं. पुढची बरीचशी उत्तरं याच एका गोष्टीतून निघतात.

२. माझ्या टाकीला तो लागतोच का?

बहुतेक टाक्यांना लागत नाही. फिल्टर व्यवस्थित आहे, आठवड्याला पाणी बदलता, मासे बेताचे आहेत आणि नवा मासा दोन-चार आठवडे वेगळ्या टाकीत ठेवून मगच आत सोडता, तर यूव्हीवाचून काही अडत नाही. वेगळी टाकी आणि यूव्ही यांतलं एकच परवडणार असेल तर मी वेगळी टाकी निवडेन, डोळे झाकून.

यूव्हीचा खरा उपयोग तीन ठिकाणी होतो: पाणी पुन्हा पुन्हा हिरवं होणाऱ्या टाकीत, मासे सतत आत-बाहेर होणाऱ्या टाकीत आणि एकाच सम्पवर, म्हणजे खाली ठेवलेल्या गाळणीच्या जोडटाकीवर, अनेक टाक्या चालतात तिथे (प्रश्न २१). अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट यांतलं काहीही यूव्ही काढत नाही. पाणी बदलण्याचं काम तो वाचवत नाही.

३. टाकीतलं पाणी गढूळ झालंय. यूव्ही लावला की निवळेल ना?

आधी रंग पाहा. पांढऱ्या ग्लासात पाणी घ्या आणि उजेडात धरा.

हिरवट दिसलं तर ते तरंगणारं एकपेशीय शेवाळ आहे. इथे यूव्हीसारखा दुसरा उपाय नाही. योग्य मापाचा असेल तर काही दिवसांतच फरक दिसतो, एक-दोन आठवड्यांत पाणी काचेसारखं होतं. मेलेलं शेवाळ पाण्यातच कुजतं, म्हणून या काळात फिल्टरचा स्पंज धुवा, हवेचा दगड चालू ठेवा आणि थोडं पाणी बदला.

दुधासारखं पांढुरकं दिसलं तर बहुधा जिवाणूंचा उद्रेक आहे. नव्या टाकीत किंवा जास्त खाणं पडल्यावर असं होतं. यूव्हीने ते कमी होतं, पण कारण तसंच राहतं. नवी टाकी असेल तर थांबा, ते आपोआप ओसरतं.

धुळीसारखे कण दिसले तर यूव्हीचा काही उपयोग नाही, तिथे बारीक फिल्टर लोकर लागेल. पाणी चहासारखं पिवळसर असेल तर तो लाकडातून किंवा पानांतून उतरलेला रंग आहे. तो काढायला अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन वापरा. हा रंग यूव्हीचा प्रकाशही शोषतो, त्यामुळे अशा पाण्यात यूव्हीची ताकद कमी पडते.

४. काचेवरचं शेवाळ आणि पानांवरची काळी दाढी (दाढीसारखं वाढणारं काळं शेवाळ) जाईल का?

नाही. ते चिकटून वाढतं, दिव्यापर्यंत येतच नाही. वाळूवर पसरणारा निळसर-हिरवा चिकट थरही तसाच. त्यासाठी प्रकाशाचे तास, खाण्याचं प्रमाण, पाण्याची हालचाल आणि खतं यांकडे पाहावं लागेल.

५. पेटीवर "३०० लिटरपर्यंत" असं छापलंय. माझी टाकी २०० लिटरची आहे. मग झालं की?

तो आकडा कशासाठी आहे, हे पेटीवर क्वचितच लिहिलेलं असतं. जवळजवळ नेहमी तो हिरवं पाणी निवळण्यापुरता असतो, म्हणजे सर्वांत सोप्या कामाचा. परजीवींसाठी त्याच यंत्राची क्षमता त्याच्या तिसऱ्या हिश्श्यावर येऊ शकते. मग आपण "स्टरिलायझर" समजून घेतलेलं यंत्र प्रत्यक्षात नुसतं पाणी निवळणारं ठरतं. पेटीवरचे लिटर सोडून द्या. माहितीपत्रकात "इतक्या प्रवाहाला इतका डोस" असं वाक्य शोधा. ते सापडलं तर प्रश्न ८ मधला हिशेब करता येतो. चांगले उत्पादक तो देतात. तो कुठेच दिलेला नसणं हीसुद्धा एक माहितीच आहे.

६. माझ्या टाकीत प्रत्यक्षात किती लिटर पाणी आहे?

लांबी × रुंदी × पाण्याची उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले १,०००. उंची मात्र वाळूच्या पृष्ठभागापासून पाण्याच्या पातळीपर्यंतची धरा. काचेची उंची धरू नका.

९० × ४५ × ४५ ची टाकी कागदावर १८२ लिटरची. त्यात ५ सेंमी वाळू आणि वरून ५ सेंमी रिकामी जागा सोडली तर पाणी उरतं ३५ सेंमी: ९० × ४५ × ३५ ÷ १,००० = सुमारे १४२ लिटर. दगड आणि लाकडाने अडवलेली जागा वजा केली की १३५ च्या आसपास. "१८० लिटरची टाकी" म्हणणाऱ्याकडे खरं पाणी पाऊण हिश्श्याएवढंच असतं. सम्प असेल तर त्यातलं पाणी मात्र मिळवा.

७. पंपाचा खरा प्रवाह कसा मोजायचा? डब्यावर तर १,००० लिटर/तास लिहिलंय.

डब्यावरचा आकडा रिकाम्या पंपाचा असतो. त्यात स्पंज भरले, नळ्या जोडल्या, वर यूव्हीचं नळकांडं आलं की प्रवाह बराच घसरतो. माझ्या कॅनिस्टरवर (टाकीबाहेर ठेवायच्या डब्यासारख्या बंद फिल्टरवर) १,००० लिहिलंय. भरलेल्या अवस्थेत मोजला तर ५२० निघाला.

मोजायची पद्धत सोपी आहे. परतीच्या नळीचं तोंड १० लिटरच्या बादलीत सोडा आणि बादली भरायला लागलेले सेकंद मोजा. ३६,००० भागिले ते सेकंद म्हणजे तासाचे लिटर. ६९ सेकंद लागले तर ३६,००० ÷ ६९ = सुमारे ५२०. एकच काळजी घ्या: नळीचं तोंड टाकीतल्या पाण्याच्या पातळीएवढ्याच उंचीवर धरा. बादली जमिनीवर ठेवून नळी खाली सोडली तर सायफनचा जोर मिळतो आणि आकडा फुगून येतो. स्पंज धुतल्यावर एकदा आणि महिनाभराने एकदा असं दोनदा मोजा. त्या दोन आकड्यांमधला फरक पाहून तुम्ही फिल्टर वेळेवर धुवायला लागाल.

८. मग शेवटी किती वॅट? हिशेब करून दाखवाल का?

दिव्याचा परिणाम डोसवर ठरतो. डोस म्हणजे प्रकाशाची तीव्रता गुणिले पाणी दिव्यासमोर राहिलेला वेळ. माहितीपत्रकांत तो मायक्रोवॅट-सेकंद प्रति चौरस सेंटिमीटर या एककात असतो. (काही ठिकाणी मिलिज्यूल असतं. १ मिलिज्यूल म्हणजे १,००० मायक्रोवॅट-सेकंद.) छंदात वापरले जाणारे ठोकताळे असे: तरंगतं शेवाळ आणि बहुतेक जिवाणूंसाठी १५,००० ते ३०,०००; परजीवींसाठी ९०,००० पासून पुढे. परजीवीची पेशी मोठी असते, तिला नामोहरम करायला कितीतरी जास्त प्रकाश लागतो.

प्रवाह दुप्पट केला की पाणी दिव्यासमोर निम्मा वेळ राहतं, म्हणजे डोस निम्मा. या एका नियमावर सगळा हिशेब बसतो.

समजा, ९ वॅटच्या एका यंत्राचं पत्रक सांगतं: ४०० लिटर/तास प्रवाहाला ३०,०००. आपली टाकी प्रश्न ६ मधली, १३५ लिटरची. प्रवाह प्रश्न ७ मधला, ५२०.

सगळा प्रवाह या यंत्रातून नेला तर डोस = ३०,००० × ४०० ÷ ५२० = सुमारे २३,०००. हिरव्या पाण्यासाठी हे पुरेसं आहे. काम फत्ते.

परजीवींसाठी ९०,००० हवेत, म्हणजे तिप्पट. प्रवाह तिसऱ्या हिश्श्यावर, ४०० ÷ ३ = सुमारे १३३ लिटर/तासावर आणावा लागेल. टाकी १३५ लिटरची असल्याने तासाला एकदा पाणी फिरतं. हेही चालण्याजोगं आहे, पण त्यासाठी कॅनिस्टरचा सगळा प्रवाह कोंडू नका. एक टी-जोड आणि कॉक लावून तेवढाच भाग यूव्हीतून वळवा किंवा यूव्हीला छोटा स्वतंत्र पंप द्या.

आता टाकी ३०० लिटरची असेल तर? तासाला एकदा फिरवायचं म्हणजे ३०० लिटर/तास, आणि त्या प्रवाहाला हे ९ वॅटचं यंत्र ४०,००० च देतं. परजीवींसाठी ते अपुरं. त्याच प्रवाहाला ९०,००० देणारं मोठं यंत्र शोधावं लागेल. बहुधा १८ ते २४ वॅटच्या घरात मिळेल. वॅट दुप्पट म्हणून डोस बरोबर दुप्पट, असं मात्र गृहीत धरू नका. नळकांड्याची लांबी, पाण्याच्या थराची जाडी आणि आतला पृष्ठभाग प्रकाश परावर्तित करतो की नाही, यावरही डोस बदलतो.

दिवा जुना झाला की त्याचा यूव्ही-सी कमी होतो. म्हणून हिशेबात येईल त्यापेक्षा पाव ते तिसरा हिस्सा जास्त क्षमता धरा. काही पत्रकांत "दिव्याच्या आयुष्याच्या शेवटचा डोस" दिलेला असतो. तसं असेल तर हा जादा हिस्सा धरायची गरज नाही.

पत्रकच नसेल तर माझा ठोकताळा असा: हिरव्या पाण्यासाठी १०० लिटरपर्यंत ५ ते ७ वॅट, २५० पर्यंत ९ ते ११, ५०० पर्यंत १८ ते २४, त्यापुढे हजारापर्यंत ३६ ते ५५. परजीवी डोक्यात असतील तर एक पायरी वर चढा. हा अंदाज आहे, हिशेबाची जागा तो घेऊ शकत नाही.

९. प्रवाह जितका हळू तितकं चांगलं, नाही का?

एका मर्यादेपर्यंतच. पाणी ठिबकत सोडलं तर त्या थेंबाला प्रचंड डोस मिळेल, पण टाकीत मागे राहिलेले जीव तोवर वाढत राहतील. डोस गाठला जातोय ना हे पाहा, आणि तो गाठला जात असेल तर प्रवाह शक्य तितका जास्त ठेवा. हिरव्या पाण्यासाठी तासाला टाकीच्या पाऊण ते दोन पट प्रवाह छान काम करतो. परजीवींसाठी किमान एक पट असावा.

१०. तासाला एकदा पाणी फिरतं म्हणजे तासाभरात सगळं पाणी शुद्ध होतं, बरोबर?

चूक. शुद्ध झालेलं पाणी परत त्याच टाकीत पडतं आणि न झालेल्यात मिसळतं. त्यामुळे पंप काही थेंब पुन्हा पुन्हा ओढतो, काही थेंब मागेच राहतात. गणित सांगतं की एका फेरीनंतर ६३ टक्केच पाणी दिव्यासमोरून गेलेलं असतं. दोन फेऱ्यांनंतर ८६, तीन फेऱ्यांनंतर ९५. ९९.९९ टक्के गाठायला सुमारे ९.२ फेऱ्या लागतात. आपल्या १३५ लिटरच्या टाकीत १३३ लिटर/तास प्रवाह असेल तर याला नऊ-साडेनऊ तास लागतील. तेसुद्धा पाणी टाकीत सगळीकडे नीट मिसळत असेल तर. दगडांमागे साचलेल्या कोपऱ्यातलं पाणी दिव्यापर्यंत पोचतच नाही.

म्हणून टाकी "निर्जंतुक" कधीच होत नाही. होतं ते एवढंच की जीव मरण्याचा वेग त्यांच्या वाढीच्या वेगापेक्षा जास्त होतो. शेवाळाच्या बाबतीत ही शर्यत सहज जिंकता येते. परजीवीच्या बाबतीत तेवढी सोपी नाही.

११. पांढऱ्या ठिपक्यांचा रोग यूव्हीने बरा होतो का?

बरा होत नाही, पसरायचा वेग कमी होतो. हा फरक नीट समजून घ्या, कारण यूव्हीच्या भरवशावर उपचार लांबवल्याने मासे जातात.

गोड्या पाण्यातला हा परजीवी तीन अवस्थांतून जातो. माशाच्या कातडीखाली बसून तो खातो आणि वाढतो. दिसणारा ठिपका म्हणजे हीच अवस्था. मग तो गळून पडतो, तळाशी चिकटतो आणि कवचात विभागत जातो. एकापासून शेकडो पिल्लं होतात. ती बाहेर पडून मासा शोधत पोहतात आणि साधारण दोन दिवसांत मासा मिळाला नाही तर मरतात. यूव्हीच्या तावडीत सापडते ती फक्त ही शेवटची, पोहणारी अवस्था. छोट्या टाकीत मासा हाताच्या अंतरावर असतो, त्यामुळे कित्येक पिल्लं दिव्याआधी माशालाच गाठतात.

तरी संख्या घटते, हेही खरं. मीठ किंवा वाढवलेलं तापमान वापरत असाल (तुमच्या माशांना आणि झाडांना चालत असेल तरच) तर यूव्ही सोबत चालू ठेवा. त्या दोन्हींना यूव्हीने काही होत नाही. औषध घालणार असाल तर प्रश्न १५ वाचा.

१२. टाकीत बुडणारा घ्यावा, की बाहेर जोडायचा, की कॅनिस्टरमध्ये अंगचाच असलेला?

माझं मत स्पष्ट आहे: जागा असेल तर बाहेर नळीत जोडायचा घ्या. प्रवाह तुमच्या हातात राहतो, दिवा काढणं सोपं जातं आणि उजेड टाकीत गळत नाही.

बुडणारा लहान टाकीला आणि फक्त हिरव्या पाण्याला ठीक आहे. घेताना दोन गोष्टी तपासा. दिवा पूर्ण झाकलेला आहे का, आणि पाणी खरोखर दिव्याला लगटून जातं का. काहींत पाणी नुसतं शेजारून वाहतं. दिवा उघडा राहील असा बुडणारा प्रकार घेऊच नका. माशांच्या डोळ्यांना, कातडीला आणि तुम्हालाही त्यापासून इजा होते. कॅनिस्टरमध्ये अंगचा असलेला सोयीचा असतो, पण तिथे प्रवाह जास्त आणि दिवा लहान असतो. पाणी निवळणारा म्हणूनच त्याच्याकडे पाहा.

१३. कुठे आणि कसा जोडायचा?

फिल्टरच्या नंतर, परतीच्या नळीवर. पाणी आधी गाळलं गेलं की दिव्यासमोर कणांची सावली पडत नाही आणि क्वार्ट्झ उशिरा मळते. आत हवा अडकू देऊ नका. उभा लावला तर पाणी खालून आत, वरून बाहेर. आडवा लावला तर बाहेर जाणारं तोंड वरच्या बाजूला ठेवा. सांध्यांवर क्लिप लावा आणि पहिली रात्र खाली एक ट्रे ठेवा. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबू द्या, म्हणजे ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न जाता तिथूनच टपकेल.

१४. दिवसरात्र चालू ठेवू का? उपयोगी जिवाणू मरणार नाहीत ना?

रोग रोखण्यासाठी असेल तर २४ तास. फक्त हिरव्या पाण्यासाठी असेल तर पाणी निवळल्यावर रोजचे काही तास पुरतात. मात्र दिवसातून अनेकदा चालू-बंद करू नका, त्याने दिव्याचं आयुष्य घटतं. पंप बंद पडला की दिवाही बंद व्हावा अशी एकाच स्विचवर जोडणी करा. साचलेलं पाणी नळकांड्यात तापतं.

अमोनिया खाणारे जिवाणू स्पंजावर, वाळूवर, दगडांवर चिकटून राहतात, पाण्यात फारसे तरंगत नाहीत. त्यांना धोका नाही. अपवाद एकच: नवी टाकी तयार करताना बाटलीतले जिवाणू घालत असाल तर ते चिकटून बसेपर्यंत, काही दिवस, यूव्ही बंद ठेवा.

१५. औषध किंवा झाडांचं खत घालताना काय करू?

औषध घालताना यूव्ही बंद. मॅलाकाइट ग्रीन, मिथिलीन ब्लू आणि बरीच प्रतिजैविकं प्रकाशाने मोडतात. डोस मोडला की उपचार अर्धवट राहतो, आणि अर्धवट उपचार न केलेल्यापेक्षा वाईट. सगळा उपचार संपून पाणी बदललं की मग चालू करा. यूव्ही आणि कार्बन दोन्ही बंद ठेवायचे असतात. लोक कार्बन आठवणीने काढतात, यूव्ही विसरतात.

खतांत अडचण लोहाची आहे. ईडीटीएला (लोह विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाला) बांधलेलं लोह यूव्हीने सुटतं आणि झाडांना न मिळता तळाशी बसतं. झाडांच्या टाकीत यूव्ही चोवीस तास चालत असेल आणि नवी पानं पिवळी पडत असतील तर आधी इथे शंका घ्या. खत घातल्यावर काही तास यूव्ही बंद ठेवणं हा साधा उपाय.

१६. दिव्याचा निळा उजेड अजून दिसतोय. मग बदलायचा कशाला?

दिसतो तो उजेड निळा असतो, काम करतो तो दिसत नाही. निळा उजेड वर्षानुवर्षं टिकतो. यूव्ही-सी मात्र ८,००० ते ९,००० तासांनंतर बराच खाली येतो. अखंड चालवला तर वर्षाचे ८,७६० तास होतात, म्हणून वर्षातून एकदा बदला. बदलल्याची तारीख नळकांड्यावर चिकटवून ठेवा.

१७. क्वार्ट्झची नळी किती दिवसांनी साफ करावी?

दोन-तीन महिन्यांनी उघडून पाहा. पाणी जड असेल तर लवकर. क्षारांचा पांढरा थर व्हिनेगर किंवा सायट्रिक अ‍ॅसिडच्या पाण्यात अर्धा तास भिजवला की सुटतो. घासणी वापरू नका. ओरखड्यांत थर पुन्हा लवकर बसतो. नळी पुसताना रबरी रिंगही तपासा. चपटी झाली असेल तर बदला, गळती तिथूनच सुरू होते. नवा दिवा लावताना त्याच्या काचेला बोटं लावू नका, स्वच्छ कापडाने धरा.

१८. तेवढ्याच वॅटचा कोणताही दिवा चालेल का? एलईडीवाले कसे?

वॅटबरोबर पिनांचा आकार, लांबी आणि चोक हे तिन्ही जुळलं पाहिजे. दिवा "ओझोनमुक्त" लिहिलेला घ्या. काही दिवे १८५ नॅनोमीटरचा प्रकाशही बाहेर सोडतात आणि त्याने ओझोन तयार होतो. घरच्या टाकीत ते नको. "यूव्ही" असं छापलेले जांभळा उजेड देणारे काही दिवे यूव्ही-ए चे असतात, त्यांचा इथे उपयोग शून्य.

यूव्ही-सी एलईडी बहुधा २६५ ते २८० नॅनोमीटरच्या पट्ट्यात चालतात, त्यांत पारा नसतो आणि ते लगेच पेटतात. पण विद्युतशक्तीचं यूव्ही-सीमध्ये रूपांतर करण्यात ते पाऱ्याच्या दिव्याच्या मागे आहेत. प्रवाहानुसार डोस दिलेला नसेल तर घेऊ नका.

१९. पाणी तापेल का? विजेचं काय?

दिव्याची जवळजवळ सगळी शक्ती शेवटी उष्णताच होते. ९ वॅटचा दिवा १०० लिटर पाणी तासाला जास्तीत जास्त ०.०८ अंश तापवतो, आणि पृष्ठभागावरून ती उष्णता निघूनही जाते. लहान टाकीत मोठा दिवा किंवा आधीच ऊन पाणी असेल तरच काळजी करा. वीज म्हणाल तर ९ वॅट अखंड चालला तर वर्षाला सुमारे ७९ युनिट.

२०. पिण्याच्या पाण्याच्या मशीनमधली यूव्हीची नळी टाकीला लावता येईल?

गोड्या पाण्याला, छोट्या टाकीला, तांत्रिकदृष्ट्या हो. अडचण तिच्या बारीक तोंडांची आहे: प्रवाह फार कमी मिळतो आणि जरा कचरा आला की तुंबतं. खाऱ्या पाण्याला तर नकोच, स्टीलचं नळकांडं गंजतं.

२१. समुद्री टाकी किंवा एका सम्पवरच्या अनेक टाक्या असतील तर हिशेब बदलतो का?

समुद्री टाकीत पांढऱ्या ठिपक्यांचा परजीवी वेगळा आहे आणि त्याला गोड्या पाण्यातल्यापेक्षा जास्त डोस लागतो, म्हणून तिथे एक पायरी वरचं यंत्र घ्याच. प्रवाळांसाठी जिवंत सूक्ष्म शेवाळ किंवा सूक्ष्मजीव सोडता तेव्हा काही तास यूव्ही बंद ठेवा, नाहीतर तुम्ही दिलेलं खाणंच तो मारेल. डायनोफ्लॅजेलेट या एकपेशीय जीवांच्या उद्रेकात ज्या जाती रात्री वाळू सोडून पाण्यात येतात, त्यांवर यूव्ही गुणकारी ठरतो; वाळूतच राहणाऱ्यांवर नाही.

अनेक टाक्यांच्या रचनेत यूव्हीला खरा अर्थ मिळतो. सम्पमधून टाक्यांकडे जाणाऱ्या मुख्य नळीवर तो लावला की एका टाकीतलं आजारी पाणी दुसरीत जाण्याआधी प्रत्येक थेंबाला दिव्यासमोरून जावंच लागतं. इथे प्रश्न १० मधली मिसळण्याची अडचण आड येत नाही. मात्र यंत्राचं माप पंपाच्या पूर्ण प्रवाहावर काढा, टाक्यांच्या लिटरवर काढू नका. हात, जाळी आणि नळ्यांमधून रोग जातोच, तो मार्ग यूव्ही बंद करत नाही.

२२. यूव्हीचा माणसाला धोका आहे का?

पेटलेला दिवा उघडा कधीही पाहू नका, क्षणभरही नाही. डोळ्यांची जळजळ लगेच जाणवत नाही. काही तासांनी डोळ्यांत वाळू गेल्यासारखं दुखू लागतं. कातडीही भाजते. दिवा लागतो का हे पाहायला यंत्रावर पारदर्शक खिडकी किंवा निळसर चमकणारं झाकण असतं, तेवढंच पुरे. नळकांडं उघडण्याआधी प्लग काढा, टाकीत हात घालण्याआधीही काढा. गळती प्रवाहाला लगेच वीज तोडणारा ब्रेकर टाकीच्या लाइनवर असावा, यूव्ही असो वा नसो.

दिवा फुटला तर त्यात थोडा पारा असतो. खिडक्या उघडा, मुलांना खोलीबाहेर काढा, तुकडे जाड कागदाने गोळा करा, बारीक कण ओल्या कागदाने टिपा. झाडू आणि व्हॅक्यूम क्लीनर वापरू नका. क्वार्ट्झसकट दिवा टाकीतच फुटला असेल तर पंप लगेच बंद करा आणि मासे दुसऱ्या पाण्यात हलवा.

२३. तीन आठवडे झाले, यूव्ही चालू आहे, तरी पाणी हिरवंच. आता?

क्रमाने तपासा. दिवा लागतोय का? किती जुना आहे? क्वार्ट्झ उघडून पाहिली का? नवी असली तरी पाहा, हिरव्या पाण्यात ती आठवड्यात मळते. प्रवाह मोजला का (प्रश्न ७), की डब्यावरचाच आकडा धरलाय? पाणी यूव्हीतूनच जातंय, की बायपासचा कॉक उघडा राहिलाय? यूव्हीतून आलेलं पाणी पंपाच्या तोंडाशीच परत पडत असेल तर तेच ते पाणी फिरत राहतं. परतीचं तोंड दुसऱ्या टोकाला न्या.

हे सगळं ठीक असेल आणि पाणी फारच दाट हिरवं असेल, म्हणजे आतला हातही दिसत नसेल, तर प्रकाश त्या पाण्यात शिरतच नाही. अशा वेळी निम्मं पाणी बदला, टाकीवरचा दिवा तीन दिवस बंद ठेवा, खिडकीकडची बाजू झाका आणि यूव्ही चालूच राहू द्या. तिसऱ्या दिवशी मागची काच दिसू लागली की दिव्याचे तास हळूहळू वाढवत पूर्ववत आणा.